ठोक्याची कळ

शनिवार, २२ नोव्हेंबर. ठिकाण, म्हैसूरच्या अग्रहारातल्या दादाच्या घराची मागची पडवी. हजर सात जण: माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांची धाकटी मुलगी, जिचं लग्न तेरा दिवसांवर आलं होतं, पिरियापट्टणहून आलेली थोरली मुलगी, तिची दोन वर्षांची छोटी, आमचे हे आणि मी. गैरहजर एक, थोरलीचा नवरा. तंबाखूच्या लिलावाचे दिवस होते, त्यामुळे तो लग्नाच्या आदल्या संध्याकाळी येणार होता.

इतकं नेमकं सांगता येतं, कारण ते वहीत आहे. मी विजयनगरमधल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. वेळापत्रकं, हजेऱ्या, पालकांना जाणारी परिपत्रकं माझ्या टेबलावरून जातात, आणि घरीही मला वहीशिवाय चैन पडत नाही. दादा मला यादीबाई म्हणतो. लग्नासाठी वहिनीने छत्र ठरवलं, म्हणजे आमच्याकडचं मंगल कार्यालय, त्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: अंतरपाट.

अंतरपाट आमच्याकडे विकत आणत नाहीत. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, कापड रंगवणारं आणि छापणारं. म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते आता कुणालाच मोजता येत नाही. धंदा आजोबांच्या वेळीच बंद पडला. वडील शिक्षक झाले, दादा पोस्टात लागला. पण सात लाकडी ठसे एका पत्र्याच्या पेटीत राहिले, आणि एक रीत राहिली. मुलीच्या लग्नात नवरानवरीच्या मधे धरायचा अंतरपाट तिच्या बापाने घरी छापायचा. माझा वडिलांनी छापला होता. थोरलीचा दादाने. आता धाकटीचा, आणि ती घरातली शेवटची मुलगी.

या रीतीला एक नियम आहे: हात बदलायचा नाही. पहिला ठसा ज्याने मारला त्यानेच शेवटचा मारायचा. यात देवाधर्माचं फारसं काही नाही. ठसा कापडावर ठेवून वरून मुठीने ठोका देतात, आणि प्रत्येकाच्या ठोक्याचं वजन वेगळं असतं. हात बदलला की रंगात कळतं. शेवटी एका कोपऱ्यात घराण्याचा ठसा मारतात, लहानसा, आठ पाकळ्यांचा. तो मारला की काम संपलं.

त्या शनिवारी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवून फिकट पिवळं झालेलं होतं. वहिनीने तुरटी आणि चिंचोक्याची खळ घोटून ठेवली होती, दिसावं म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू. दादाने बनियन घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला ठोका दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "टाळ्या बस्स. आता सगळे लांब सरा. सावली पडते."

लांब सरून आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि छोटीने आमचा ताबा घेतला. तिच्या हातात नाचणीच्या गोड पिठाची वाटी होती. एक घास स्वतः खायचा आणि मग त्याच बोटांनी दुसऱ्याला भरवायचा हा तिचा त्या आठवड्याचा खेळ होता. "आजोबा, आ!" दादाने हातातला ठसा न सोडता तोंड उघडलं. मग माझी पाळी, मग तिच्या मावशीची, म्हणजे नवरीची, मग ह्यांची. ह्यांनी तर दोनदा आ केलं. वहिनीचा शनिवारचा उपास होता. तिने छोटीच्या हाताचा मुका घेतला नाही की घास घेतला नाही, नुसतं म्हणाली, "आज्जीला बेडा राणी, आज्जीला आज नको."

"हिला अजून भूक लागत नाही नीट," थोरली म्हणाली. "मागच्या आठवड्यात ताप होता दोन दिवस. तोंड आलं होतं."

"दात येत असतील," मी म्हटलं. शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईने म्हणायला नको होतं ते. पण त्याबद्दल पुढे.

शनिवारी एक काठ झाला. रविवारी दुसरा. सोमवारी दादाने सुट्टी घेतली, म्हणजे आमंत्रणं वाटली. मंगळवारी सकाळी साडेदहाला वहिनीचा शाळेत फोन आला.

"येशील काय ग? तुझ्या दादाला ठोका लागला."

ठोका लागणं म्हणजे काय ते आमच्या घरात लहान पोरालाही माहीत. जुने छापणारे दिवसभर ठोके देत. मोसमात कधीतरी त्यांच्या बरगड्यांत कळ धरायची, श्वास अडकायचा. तिला ठोक्याची कळ म्हणत. उपायही ठरलेला: ओल्या फडक्याने छाती आवळून बांधायची, दोन दिवस बोलायचं नाही. आजोबांना बांधलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मी अर्धा दिवस रजा टाकून ऑटोने पोहोचले, तर दादा पडवीत भिंतीला टेकून, फडक्यात गुंडाळलेला, उजवी बाजू हाताने दाबून बसला होता. तिसरा काठ अर्ध्यावर. खळीवर साय धरली होती.

"कुठे दुखतंय?"

त्याने बोटाने दाखवलं. उजव्या छातीखाली, बरगड्यांमधे. "सुरी घातल्यासारखं येतं. दहा मिनिटं. मग जातं. श्वास मोठा घेतला की परत."

"डॉक्टरकडे चल."

"ठोक्याची कळ आहे ग. डॉक्टरला काय कळतं ठोक्यातलं?"

"तीन दिवसांत दोन काठ छापून ठोका लागतो होय? आजोबा वर्षभर छापायचे."

"आजोबा तरुण होते."

"तू सदुसष्ट वर्षांचा आहेस आणि छातीत दुखतंय. उठ."

तो उठेना. तेव्हा वहिनीने त्याच्या पायात चपला सरकवल्या आणि मी ऑटोवाल्याला थांबवूनच ठेवलं होतं हे त्याला दाखवलं. यादीबाईचा काही उपयोग असतो.

ऑटोत तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अण्णांचंही असंच सुरू झालं होतं." अण्णा म्हणजे आमचे वडील. ते छातीच्या दुखण्याने गेले.

"अण्णांचं डावीकडे होतं," मी म्हटलं. मला ते खरंच आठवत होतं की नाही, देव जाणे.

"दोन काठ राहिले. दीड. काही झालं तर तू पुरा करू नकोस. हात बदलेल. तसाच धरा."

"काही होत नाही."

"आणि झालं एकदा लग्न की ते ठसे कुणाला तरी देऊन टाक. धाकटीनंतर कोण आहे? उगाच गंजतेय ती पेटी."

मी ऑटोवाल्याला पुढच्या वळणावर उजवीकडे घ्यायला सांगितलं.

डॉक्टरीणबाई मागच्या रस्त्याला बसतात. दादाची ओळख पोस्टाच्या दिवसांपासूनची. त्या कन्नडमधे बोलल्या, मी मराठीत सांगते. आधी त्यांनी बाकी काही न विचारता ईसीजी काढला. मग रक्त घेतलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं. हे सगळं होईपर्यंत दुपारचे अडीच वाजले. मी भिंतीवरची दृष्टी तपासायची अक्षरं तीनदा वाचली. मग त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

"हृदय ठीक आहे. फुप्फुसंही."

दादाने इतका मोठा श्वास सोडला की त्याला कळ आली. "अय्यो!"

"बघा, म्हणजे स्नायूच," त्या म्हणाल्या, आणि बरगड्यांच्या मधे बोटाने दाबलं. तो कळवळला. "इथे बरगडी आणि बरगडीच्या मधे स्नायू असतात. श्वास घेताना तेच ओढले जातात. त्यांना सूज आली की असं होतं."

"ठोक्याने," दादा म्हणाला आणि त्याने मुठीने टेबलावर ठोका देऊन दाखवला.

"असेलही. जोरात खोकला झाला तरी होतं. खोकला होता? नाही. कुठे पुरळ, पाण्याचे फोड?" त्यांनी पाठ तपासली. "नागीण उठायच्या आधी एकाच बाजूला असं दुखतं, म्हणून विचारते. तेही नाही. पण ताप किती आहे बघा. शंभराच्या वर. ठोक्याने ताप येत नाही हो. व्हायरस असावा. गोळी घ्या, शेक घ्या, विश्रांती घ्या. फडकं सोडा, नीट श्वास घ्यायला हवा. दम लागला, चक्कर आली, दुखणं हाताकडे, जबड्याकडे गेलं तर ताबडतोब या. घरात आणखी कुणाला होतंय का बघा."

घरी आल्यावर दादाने वहिनीला निरोप सांगितला तो असा: "हृदय ठीक आहे. ठोक्याचीच कळ."

"तुला ऐकू आलं नाही काय, ताप..." मी सुरुवात केली.

"सुम्ने बस ग, उगी. ताप थंडीचा." आणि गंमत म्हणजे वहिनीनेही मान डोलावली. ठोक्याची कळ ही घरची, ओळखीची गोष्ट. व्हायरस कुठला कोण.

त्याच्या मनात दोन दिवसांत उठून छापायचं होतं. कारण छापून झाल्यावर कापड एक-दोन दिवस तसंच ठेवायचं, मग खंगाळायचं, मग मंजिष्ठाच्या पाण्यात उकळायचं. तेव्हा कुठे छापलेल्या जागी लाल उमटतं. मी हिशेब मांडला: बुधवार, ३ डिसेंबरला काहीही झालं तरी पातेलं चुलीवर चढायला हवं. म्हणजे सोमवारपर्यंत शेवटचा ठसा.

बुधवारी सकाळी आमचे हे दात घासता घासता ओट्याला धरून वाकले.

"काय झालं?"

"इथं." उजवीकडे, बरगड्यांमधे. "सुरी."

"तुम्ही कधी ठसा हातात घेतलात?"

"मी बघितला ना. तुझ्या दादाचं बघून बघून मला लागला." आणि ते स्वतःच्याच विनोदावर हसले, आणि मग "आई ग" म्हणून खाली बसले.

गुरुवारी सकाळी नवरी. मेंदीवालीला नमुने दाखवत असताना तिने मोबाइल टाकला आणि छाती धरली. गुरुवारी दुपारी मी. शाळेत, शिपायाला फाइल देताना. खरंच सुरीसारखं. मी कपाटाचं हँडल धरून उभी राहिले, मनात तीसपर्यंत मोजलं आणि मग वही उघडली.

डाव्या बाजूला लिहिलं: कुणाला कळ आली. दादा, हे, धाकटी, मी. उजव्या बाजूला: कुणी ठोका दिला. दादा. एवढंच. पुढे लिहिलं: कुणाला काहीच नाही. वहिनी, थोरली, छोटी.

वहिनी तर दिवसरात्र दादाच्या उशाशी होती. तिला का नाही? मग मी मागचं पान उलटलं. शनिवार, हजर सात. खाली माझ्याच अक्षरात: वहिनी उपास, वेगळी साबुदाणा खिचडी.

उपास. वाटी. आजोबा, आ.

आणि तेव्हा मला समोरच्या फळ्यावर टाचलेलं परिपत्रक दिसलं. जुलैमधे मीच टाइप केलेलं, मीच सही घेऊन बालवर्गाच्या पालकांना पाठवलेलं. "ज्या मुलांना ताप येऊन तोंडात, तळहातावर व तळपायावर फोड आले आहेत अशा मुलांना बरे होईपर्यंत शाळेत पाठवू नये. हात धुवावेत. एकमेकांच्या पाण्याच्या बाटल्या वापरू नयेत." मी थोरलीला फोन लावला.

"छोटीच्या तळहातावर काही होतं का ग ताप आला तेव्हा?"

"हो की. चार-पाच ठिपके. मुंगी चावली असं वाटलं. का, आत्या?"

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी मोठा "आहा" केला. त्यांचा म्हणे संशय होताच, पण घरात लहान मूल आहे हे दादाने सांगितलंच नव्हतं. त्याने ठोक्याचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्यांनी समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं. लहान मुलांना ताप आणि फोड देणाऱ्या विषाणूंची ही एक मोठी जात आहे. त्यातलेच काही मोठ्या माणसांत बरगड्यांमधल्या स्नायूंवर उतरतात. अचानक सुरीसारखी कळ, ताप, थोड्या वेळाने मोकळं, परत कळ. थुंकीतून, नाकाच्या पाण्यातून, शी-शूच्या हातांतून पसरतं. काहींना नुसता घसा दुखून जातो. थोरलीला तसं झालं होतं, मागच्याच आठवड्यात. बहुतेकांना आठवड्याभरात आपोआप बरं वाटतं. "कधीकधी बरं वाटून पुन्हा एकदा येते कळ," त्या म्हणाल्या, "घाबरू नका. पण पहिल्यांदा तुम्ही त्यांना आणलंत ते बरं केलंत. छातीत दुखलं की आपणच घरी बसून दुखण्याला नाव द्यायचं नसतं."

संध्याकाळी मी वही घेऊन अग्रहारात गेले. सगळे आजारी एकाच घरात ठेवावेत, बाकीच्यांना लागण नको, म्हणून ह्यांनाही घेऊन गेले. हॉलमधे चार चटया ओळीने. दादा, हे, धाकटी, मी. वहिनी आणि थोरलीचे हात साबणाने धुऊन धुऊन सुरकुतले होते. छोटी चटयांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. तिला कुणी वाटी देत नव्हतं.

मी पान वाचून दाखवलं. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ठोका नाही."

"नाही."

"म्हणजे मी छापलं म्हणून मला चौघांत सगळ्यात जास्त लागलं, असंही नाही."

"दादा, ह्यांनी दोनदा आ केलं होतं, ह्यांना सगळ्यात जास्त."

एवढ्यावर धाकटी फुटली. ती हसली आणि लगेच "अम्मा, अम्मा, नको" म्हणत कुशीवर वळली. तिला बघून हे हसले. हसलं की बरगड्या ताणतात, ताणल्या की सुरी. आम्ही चौघं हसत होतो आणि कण्हत होतो आणि त्या कण्हण्यालाच पुन्हा हसत होतो.

"कुणी हसायचं नाही!" वहिनी दारातून ओरडली. "साकु! पुरे म्हटलं ना?"

"तूच हसतेस वहिनी."

"माझ्या बरगड्या ठीक आहेत. मी हसणार."

"ही उपासाचं फळ दाखवतेय," दादा म्हणाला. "चाळीस वर्षं मी हिच्या शनिवारची चेष्टा केली."

"आता कराल?"

"आता श्वास घेऊन बघतो आधी."

थोरली मात्र कोपऱ्यात रडवेली झाली होती. "माझ्यामुळे झालं सगळं. लग्न तोंडावर, आणि नवरी अशी पडलीय." तेव्हा नवरीच चटईवरून म्हणाली, "अक्का, मेकअपवाली म्हणाली होती चेहऱ्यावर गुलाबी पाहिजे. बघ, फुकट आला. ताप." मग पुन्हा चौघांचं कण्हणं.

त्या रात्रीचं आठवतं ते फक्त ताक-भात आणि शेकाच्या पिशव्यांची पाळी. मी पाळीचा तक्ता केला. दादाने तो फाडला नाही, नुसता उलटा ठेवला.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही झोपून काढले. ह्यांना दोनदा जोरात कळ आली, मला एकदाच. रविवारी सकाळी मला जाग आली ती ठोक्याच्या आवाजाने.

दादा पडवीत होता. बनियन, कपाळावर चष्मा. ताप नव्हता. तिसरा काठ पुरा झाला होता आणि तो चौथ्याला लागला होता. मी दारात उभी राहिले. तो प्रत्येक ठोक्याआधी थोडा थांबायचा, जणू बरगड्यांची परवानगी घ्यायचा, मग ठोका. आवाज तोच, जुना. वजन तेच. मी जवळ जाऊन वाकून बघितलं: शनिवारचा काठ आणि आजचा काठ, गेरूच्या फिकट रेषांत काही फरक नव्हता.

"बघ, बघ," तो म्हणाला. "काढ चूक."

"नाही सापडत."

"लिहून ठेव वहीत. यादीबाईला चूक सापडली नाही."

मी लिहिलं. अजून आहे.

चौथा काठ सोमवारी अकराच्या सुमाराला संपला. राहिला तो कोपरा. वहिनीने पेटीतून आठ पाकळ्यांचा ठसा काढून पुसून दिला. दादाने तो खळीत बुडवला, कोपऱ्यावर नेला, मूठ उचलली. सगळे भोवती जमलो होतो. मधेच छोटीने वाकून ठशाला हात लावला आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबा, आ!"

दादा हसला. आणि त्याला कळ आली, पहिल्या दिवशीसारखी. ठसा हातातून गळला, पण नशिबाने कापडावर नाही, फरशीवर. तो भिंतीला टेकून खाली बसला.

बरं वाटून पुन्हा येते, हे आम्हाला सांगितलेलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. दहा मिनिटांत ती गेली. संध्याकाळी त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आली. मंगळवारी सकाळी त्याचा ताप परत चढला आणि तो दिवसभर झोपून राहिला.

"मी मारू?" मंगळवारी रात्री मी विचारलं. "एकच तर ठसा आहे."

"हात बदलायचा नाही."

"मग?"

"मग राहू दे."

"दादा, अंतरपाट अर्धा..."

"अर्धा कुठे? चारही काठ आहेत." तो छताकडे बघत होता. "कोपरा नंतर मारतो. मला बरं वाटल्यावर. कोपऱ्यापुरतं हिरड्यात बुडवायचं, तुरटीची खळ करायची, परत मंजिष्ठात. होतं तसं. अण्णांनी एकदा केलं होतं. पेटी वर माळ्यावर नको ठेवू, इथेच असू दे."

म्हणजे ठसे कुणाला देऊन टाकायचं राहून गेलं. मी वहीत तसं काही लिहिलं नाही, पण पेटी पडवीतल्या शेल्फवर ठेवली, हाताला येईल अशी.

बुधवारी सकाळी वहिनीने मोठं पितळेचं पातेलं चढवलं. मंजिष्ठाचं पाणी तापलं, कापड आत गेलं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मळकं पाणी आणि मळकं कापड. मी थोरलीला सांगत होते की एवढ्या वेळात दोनदा डाळ शिजली असती, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आत्या, आलं!" वहिनीने काठीने कापड उचललं. काठावर लाल उमटत होतं, वेल, कळ्या, मोर, ज्या जागी गेले काही दिवस नुसत्या गेरूच्या रेघा होत्या. दादा चादर गुंडाळून खुर्चीत बसला होता. त्याने हात छातीवर ठेवला, सवयीने, आणि मग काढला.

"दुखतंय?" वहिनीने विचारलं.

"नाही ग. बघतोय."

५ डिसेंबरला लग्न झालं. चौघंही उभे होतो, बिनतापाचे. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाचं एक टोक भटजींनी धरलं आणि दुसरं ह्यांनी. ह्यांना मी आधीच बजावलं होतं: कोरा कोपरा तुमच्या मुठीत. त्यांनी तो इतका घट्ट आवळून धरला की फोटोत त्यांची मूठ दिसते, कोपरा दिसत नाही. अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, आणि मला पलीकडून दादा दिसला. तो जोडप्याकडे बघत नव्हता. ह्यांच्या मुठीकडे बघत होता आणि गालातल्या गालात हसत होता, हळू, बरगड्यांना धक्का न लावता.

धाकटी आता बंगळुरात असते. अंतरपाट तिच्या कपाटात. संक्रांतीला ती आली तर विसरून आली. उगादीला, म्हणजे पाडव्याला, घेऊन आली, तर मंजिष्ठ संपलं होतं. मे महिन्यात मंजिष्ठ आणलं, तर जावयाला सुट्टी मिळाली नाही. दरवेळी मी दादाला म्हणते, "आता ठरवून टाकू या का?" आणि दरवेळी तो म्हणतो, "घाई कसली? ठसा कुठे पळतोय?" मधल्या काळात थोरलीला एकदा त्याने पडवीत बसवून ठोका कसा द्यायचा ते शिकवलं, जुन्या धोतरावर. हात बदलायचा नाही हा नियम त्या अंतरपाटापुरता. पुढच्या अंतरपाटाला हात नवा असू शकतो. छोटी पाचेक फुटांवर उभी राहून बघत होती. साबणाने हात धुतलेले होते.

वही संपली, दुसरी सुरू झाली. जुन्या वहीतल्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा आहेत: छत्र, मेंदी, भटजी, पत्रिका, डॉक्टरांची फी, ताक-भात सुद्धा. एकच ओळ मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली आहे. हिरडा अर्धा किलो, तुरटी, चिंचोके, मंजिष्ठ. धाकटीला फोन करणे: येताना अंतरपाट. दादाला विचारणे: कुठला रविवार. कोपरा. तिच्यासमोर खूण नाही.